कृष्ण निळा कधी झाला? आणि बाकीच्या देवांना गोरं कोणी केलं?

चिंचपेटी:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायला कारण घडलं. लेक दुसरीत आहे. शाळेत दहीकाल्याचा कार्यक्रम आहे, वर्गातून एक कृष्ण, एक राधा, बाकी सगळे गोप-गोपी. याला कृष्णच व्हायचं होतं, दोन आठवडे घरभर बासरी घेऊन हुंदडत होता, पाठांतरही चोख होतं. तर बाईंनी मला बाजूला घेतलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं की अहो, त्याच्या अंगावर निळा रंग उठून दिसत नाही. मग वर्गातला सगळ्यात गोरा मुलगा निवडला, त्याला पोस्टर कलरने निळा करायचं ठरवलं आणि आमच्या सावळ्या पोराला पेंद्या केलं.

म्हणजे बघा हं, जो आयता कृष्णाच्या रंगाचा होता त्याला बाजूला काढलं आणि गोऱ्याला रंगवून कृष्ण केला! मला तिथे हसूच आलं, राग रात्री भांडी घासताना आला. कृष्ण या शब्दाचा अर्थच काळा ना? मग हा निळा आला कुठून, आणि त्या निळ्याच्या आतला मुलगा गोराच का लागतो? जाणकारांनी उजेड पाडावा. (उजेड हा शब्द मुद्दाम वापरलेला नाही.)

ओवी:
चिंचपेटीताई, पेंद्याचा किस्सा वाचून वाईट वाटलं आणि हसूही आलं. पोथ्यांपुरतं बोलायचं तर कृष्ण काळाच आहे, त्यात वादच नाही. विष्णुदास नाम्याची ती गवळण आठवा, रात्र काळी, घागर काळी, यमुनेचं पाणीही काळं, पुढे बुंथ काळी, बिलवर काळी, गळ्यातली मोत्यांची एकावळीसुद्धा काळी, आणि शेवटी कृष्णमूर्ती बहु काळी. एवढं काळं दुसऱ्या कुठल्या गाण्यात सापडणार नाही, आणि एक अक्षर तक्रारीचं नाही, उलट मजा चाललीय.

निळ्याचं म्हणाल तर संस्कृतात नील, श्याम, कृष्ण या शब्दांच्या हद्दी आजच्यासारख्या आखलेल्या नाहीत. पावसाळी ढग, नीळ, रात्र, भुंगा, सगळं एकाच पिशवीत. रामरक्षेत राम ‘नीलोत्पलश्याम’ आहे, निळ्या कमळासारखा सावळा. कृष्णाष्टकात ‘अतसीपुष्पसंकाशं’, अतसी म्हणजे जवस, आणि जवसाचं फूल खरोखर निळसर असतं, शेतात पाहिलं असेल तर कळेल. चित्रकाराने ‘ढगासारखा’ हे शब्दशः घेतलं की निळा होणारच. पहाडी लघुचित्रांत कृष्ण कुठे राखाडी-निळा तर कुठे गडद. मूर्तीत मात्र दगड जसा असेल तसा, नाथद्वाऱ्याचा श्रीनाथजी काळाच. जगन्नाथपुरीला तर तिन्ही भावंडं वेगळ्या रंगांची, जगन्नाथ काळा, बलभद्र पांढरा, सुभद्रा पिवळी. कुणाला काही वाटत नाही.

तिरपागडा:
देवाला रंग नसतो हो. उगाच परदेशातले वंशाचे वाद आपल्याकडे कशाला आयात करायचे? आपल्याकडे हा गोरेपणाचा सोस ब्रिटिशांनी आणला आणि रविवर्म्याने छापला, विषय संपला. त्याच्या आधी सगळं छान होतं.

ऑफसेटकाका:
तिरपागडे, विषय संपला म्हणालात म्हणून लिहायला बसलो. माझी छपाईत अडतीस वर्षं गेली, त्यातली वीस कॅलेंडरं आणि लग्नपत्रिकांत, म्हणजे देवांशी रोजचा संबंध.

राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, मग श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या आणि देव कसा दिसतो हे पहिल्यांदाच सगळीकडे सारखं झालं. त्याआधी तुमच्या गावचा देव म्हणजे गावच्या देवळातला दगड नाहीतर देव्हाऱ्यातला टाक. हे खरं. पण गोऱ्या रंगामागे नुसती आवड नव्हती, धंद्याची सोयही होती, ती कोणी सांगत नाही. त्या काळच्या लिथोत, म्हणजे दगडावरून छापायच्या पद्धतीत, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, जितके रंग तितके दगड आणि तितक्या वेळा कागद दाबायचा. गडद चेहरा करायचा तर सावल्यांच्या पायऱ्या जास्त लागतात, नाहीतर नाक-डोळे भरून जातात. आमच्यात म्हणतात ‘चेहरा भरला’.

आणि आमच्या चार रंगांच्या ऑफसेटमधे तर मजाच आहे. सावळा रंग छापायचा म्हणजे पिवळा, मॅजेंटा (गडद गुलाबी), सायन (आकाशी निळा) तिन्ही शायांची कसरत, वर थोडी काळी. मॅजेंटा जरा चढला की देव तांबडा, सायन चढला की देव हिरवा, आणि मशीन तासभर चाललं की शाई चढते-उतरते हे ठरलेलं. एकदा पाच हजार पत्रिकांवर बालाजी शेवाळी उतरला होता, गिऱ्हाईकाने पैसे कापले माझे! याउलट आकाशी कृष्ण म्हणजे सायनचा हलका टिंट, त्यात नखभर मॅजेंटा. कितीही हाला, निळाच राहतो. त्यामुळे आर्टिस्टने चित्र आणलं की आम्हीच सांगायचो, बाबा रे कृष्ण जरा उघडा कर. उघडा म्हणजे फिकट. म्हणजे तुमच्या लेकाला पेंद्या करण्यात माझाही थोडा हात आहे ताई, माफ करा.

झिपऱ्या:
शेवाळी बालाजी 😂😂 काका दंडवत घ्या. वाचनखूण साठवली.

ओवी:
काका, हे अफाट आहे, असं कुठल्या पुस्तकात मिळत नाही.

पण तिरपागडा, ‘त्याच्या आधी सगळं छान होतं’ हे काही पटत नाही. गोऱ्याचं कौतुक पुराणांतही आहे. पार्वती मुळात काळी. शंकर चेष्टेत तिला ‘काली’ म्हणतो, तिला झोंबतं, रुसून ती तपाला जाते, तप करून काळी त्वचा सापाच्या कातीसारखी टाकते आणि गौरी होते. टाकलेल्या त्या काळ्या कोशातून कौशिकी निघते. आपण भाद्रपदात जी गौर आणतो तिच्या नावामागे ही गोष्ट आहे. नवऱ्याने रंगावरून बोलणं आणि बायकोने रंग उजळून परत येणं, हे ब्रिटिश यायच्या कितीतरी आधीचं. आणि शंकर स्वतः कर्पूरगौर, म्हणजे गोरा नवरा काळ्या बायकोला बोलला.

पण त्याच परंपरेत द्रौपदी कृष्णा आहे, काळी, आणि तिच्या रूपावरून राजे वेडे झालेत. महाभारत रचणारे व्यास कृष्णद्वैपायन, बेटावर जन्मलेले काळे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात जिला लोक काळी राजकन्या म्हणतात तिच्याकडे एकदा नीट बघून या, काढणाऱ्याने किती जीव लावलाय. दोन्ही सूर एकत्रच वाजत होते, छापखान्याने त्यातला एकच मोठा केला.

तिरपागडा:
बरं, ‘सगळं छान होतं’ मागे घेतो. पण शंकराने चेष्टा केली म्हणून संस्कृती वर्णद्वेषी होत नाही. काळा दगड काळा म्हणून पूजला, गोरा संगमरवर गोरा म्हणून पूजला, यात कुणी मोजपट्टी लावली नव्हती.

पेणकर:
आमचा गणपतीचा कारखाना आहे, तिसरी पिढी. थोडं हातातलं सांगतो.

शाडूची असो की पीओपीची, मूर्ती वाळली की आधी पूर्ण पांढरा हात मारतो. मग गनने अंगाचा रंग, त्याला सगळे बॉडी कलरच म्हणतात. मग गाल, कान, सोंडेच्या वळ्या, पोटाची घडी इथे गुलाबी शेड, मग सोवळं, दागिने, आणि शेवटी डोळ्यांची आखणी, ती फक्त माझे काका करतात, अजून. तर हा बॉडी कलर दरवर्षी अजून फिका होत चाललाय. आजोबांच्या वेळचा एक गणपती साच्यांच्या खोलीत ठेवलाय, तो चक्क तांबूस आहे, विटेच्या जवळचा. अथर्वशीर्षात बाप्पा कुठल्या रंगाचा आहे ते रोज म्हणणाऱ्यांनी सांगावं! ‘रक्तं लंबोदरं शूर्पकर्णकं रक्तवाससम्’. लाल. आरतीतही सर्वांगी उटी शेंदराचीच. आणि गिऱ्हाईक त्याच्यापुढे हात जोडून अथर्वशीर्ष म्हणतं आणि मला सांगतं, दादा जरा बेबी पिंक करा ना.

गेल्या वर्षीची गोष्ट. विठ्ठलाच्या रूपातला गणपती हवा म्हणून एक जोडपं आलं. विटेवर उभा, कमरेवर हात, तुळशीमाळ, सगळं मोबाईलवर दाखवलं. मी म्हटलं अंग काळं करतो, छान उठून दिसेल, पिवळं सोवळं. बाई म्हणाल्या नको नको, काळा नको, घरात मुलीचं लग्न ठरतंय, आकाशी करा. आणि त्यांच्या मोबाईलच्या वॉलपेपरवर पंढरपूरचा विठोबा होता, काळाभोर. मी काही बोललो नाही. आकाशी केला.

सांजवात:
पेणकर, तुमच्या आजोबांच्या गणपतीचा फोटो टाका ना कृपया.

मला एक वेगळंच दिसतं, बघा पटतंय का. देव काळा चालतो, देवी मात्र गोरीच लागते. पंढरपुरात विठ्ठल काळा आणि रखुमाईही काळ्या दगडाचीच. पण बाजारातल्या किती तसबिरींमधे तो सावळा आणि शेजारी ती गोरीपान उभी असते, जणू पत्रिका जुळवूनच आणलीय. कोल्हापूरची अंबाबाई काळ्या पाषाणाची, तुळजापूरची भवानी काळी, आणि शिवरायांना तलवार देतानाचं ते चित्र डोळ्यासमोर आणा, भवानी कशी आहे? गोरी, गुलाबी गालांची. राधा तर विचारूच नका. कालीमाता तेवढी काळी ठेवली कारण तिला घाबरायचं असतं.

लग्नाच्या जाहिरातीत हेच. मुलगा ‘निर्व्यसनी, स्वतःचा फ्लॅट’, मुलगी ‘गोरी, निमगोरी, फारतर गव्हाळ’. माझ्या वेळी आत्याने फॉर्मवर ‘सावळी’ लिहिलं तर आईने ते खोडून ‘गहूवर्ण’ केलं होतं, पेनाची ती दुहेरी रेघ अजून आठवते. आणि त्याच आई भजनात सावळे सुंदर रूप मनोहर म्हणताना डोळे मिटून डोलायच्या.

झिपऱ्या:
ताई +१००. अवांतर: पांडुरंग म्हणजे पांढऱ्या रंगाचा ना? मग काळ्या देवाला पांडुरंग का म्हणतात? शाळेत असल्यापासून हा प्रश्न आहे, गुरुजींना विचारला तर छडी मिळाली होती.

ओवी:
प्रश्न भारी आहे. पांडुर म्हणजे फिकट पांढरा, बरोबर. पंढरपूरचं जुन्या कन्नड लेखांतलं नाव पंडरगे, त्याला संस्कृत वळण देताना पांडुरंग झालं असं अभ्यासक मानतात, म्हणजे नाव मुळात गावाचं, रंगाचा संबंध नाही. कीर्तनात मात्र गायींच्या खुरांची धूळ अंगावर बसून पांढुरका झाला असं सांगतात. मला दुसरं जास्त आवडतं, पहिलं बहुतेक खरं असावं.

मांडवीकाठ:
गोव्याहून. हा प्रश्न फक्त हिंदू देवांचा नाही म्हणून लिहितो. आमच्या जुन्या इगर्जींमधे, म्हणजे चर्चमधे, वेदीवरच्या लाकडी मूर्ती बघा, घडवणारे हात बहुतेक इथलेच, पण सायबिणीचे, म्हणजे मेरीमातेचे, गाल गुलाबी, कारण नमुना पोर्तुगालचा. मग विसाव्या शतकात आमचा आंजेलो द फोन्सेका आला. १९०२ चा जन्म, सांत इश्तेव्ह बेटावरचा. मुंबईत जेजे कलाशाळेत गेला, तिथलं पटेना म्हणून शांतिनिकेतनला अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकला आणि परत येऊन त्याने मेरीला साडी नेसवली, अनवाणी केली, आणि तिला आपल्याकडच्या बाईचा रंग दिला, गव्हाळ, कुठे चांगला सावळा. इथल्या धर्मातल्या लोकांना ते सहन झालं नाही. शेवटी तो पुण्याला शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिला आणि आयुष्यभर तिथेच चित्रं काढत बसला. १९६७ ला गेला.

त्याची बरीच चित्रं आता पर्वरीला झेवियर सेंटरमधे आहेत, मी दोनदा पाहिली. जलरंग, अंगावर येत नाहीत, गप्प बसलेली चित्रं आहेत. एका मेरीचे पाय लक्षात राहिले, टाचा आमच्या शेजारच्या मासेवाल्या मावशीसारख्या. पहिल्यांदा माझी आई बरोबर होती. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, छान आहे रे, पण ही सायबीण वाटत नाही, ही आपल्यातलीच कोणीतरी वाटते. मी म्हटलं मग तेच तर. ती म्हणाली, आपल्यातलीच असेल तर मागायचं कुणाकडे?

यावर मला आजपर्यंत उत्तर सुचलेलं नाही.

बे_एरियातला_बंड्या:
मांडवीकाठ, आईंचं वाक्य डोक्यातून जात नाहीये.

इकडचं सांगतो. अमेरिकेत जो येशू घरोघर दिसतो, लांब भुरे केस, एकीकडे बघणारा, तो शिकागोच्या वॉर्नर सॉलमन या चित्रकाराने १९४० साली काढला आणि त्याच्या कोट्यवधी प्रती छापल्या गेल्या, खिशात मावणाऱ्या कार्डांपासून कॅलेंडरपर्यंत. पश्चिम आशियातला सुतार तसा दिसला असण्याची शक्यता किती? म्हणजे ऑफसेटकाकांचा मुद्दा इथेही लागू, छापखान्याने देवाचा चेहरा पक्का केला. आणि माझे शेजारी मेक्सिकन, त्यांच्या हॉलमधे ग्वादालुपेची मेरी, तिची कथा १५३१ ची, ती सावळी आहे आणि ते तिला लाडाने ‘मोरेनिता’ म्हणतात. मी अर्थ विचारला तर म्हणाले, छोटीशी सावळी. म्हटलं अरे, ही तर आमच्या विठ्ठलाची बहीण! सावळ्या, सावळाबाई, सेम टू सेम. त्या बाईंना विठोबाचा फोटो दाखवला तर त्यांनी आधी त्याचे हात कमरेवर का हे विचारलं, रंगाबद्दल काहीच नाही.

नाशिकचा_चिवडा:
सगळं वाचलं, छान चाललंय, पण माझ्या गावचं राहिलं. आमच्याकडे पंचवटीत काळाराम आहे आणि नाशकातच गोरेराम मंदिरही आहे, दोन्ही नावं सरळ रंगावरून. लहानपणी वाटायचं दोन भाऊ आहेत.

काळ्या देवाचं आपण फार कौतुक करतोय म्हणून आठवण करून देतो. २ मार्च १९३० ला त्याच काळारामाच्या दाराशी बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला, हजारो माणसं आली होती, आणि पुढे पाचेक वर्षं लढूनही दार उघडलं नाही. माझ्या आजोबांचे वडील त्या गर्दीत होते. आतला राम काळा होता, बाहेर उभी असलेली माणसंही बहुतेक काळीसावळीच, आणि अडवणाऱ्यांत तरी सगळे कुठे गोरेपान असणार. देव काळा असल्याने आत काहीच हललं नाही. चोखोबाने ‘काय भुललासी वरलिया रंगा’ विचारलं तेही महाद्वाराबाहेर राहूनच, आणि समाधीही त्याची तिथेच, दाराच्या बाहेर. त्यामुळे सावळ्या विठ्ठलाचे दाखले देऊन कोणी मला सांगायला लागलं की आपल्याकडे रंगाचा भेद नव्हताच, तर मी ऐकून घेतो आणि चहा सांगतो.

तिरपागडा:
हा प्रतिसाद बरोबर आहे, वाद घालत नाही. फक्त एवढंच की चोखोबाला तो रंग खोटा वाटला नाही, त्याला दार खोटं वाटलं. मी जी मोजपट्टी नव्हती म्हणालो ती रंगाची म्हणालो होतो. दुसरी होती, कबूल.

ऑफसेटकाका:
तिरपागडे, या धाग्यावर तुमचा दुसरा ‘कबूल’ झाला, स्क्रीनशॉट काढून ठेवतो. हलकेच घ्या.

जाता जाता, डिजिटल छपाई आल्यापासून सावळा रंग बराच सुधारलाय, शाई चढायची भानगड राहिली नाही. म्हणजे आता फिका करायला तांत्रिक कारण एकही नाही. तरी परवा एकाने कृष्णाची फाईल आणली, चांगला मेघश्याम होता, आणि सोबत निरोप, ‘फेस थोडा ब्राईट करा’.

पेणकर:
आजोबांच्या गणपतीचा फोटो उद्या टाकतो, आज कारखान्यात लाईट नाही. चिंचपेटीताई, पुढच्या वर्षी मुलाला घेऊन या आखणी बघायला. आणि एक धंद्यातलं, सावळ्यावर निळा उठत नाही हे बाईंचं म्हणणं तसं खोटं नाही, पोस्टर कलर कुठल्याही गडद अंगावर मळकटच दिसतो, मातीवरसुद्धा, म्हणूनच आम्ही आधी पांढरा हात मारतो. पण कृष्णाला सावळ्यावर निळा लावायचाच कशाला? मोरपीस लावलं की काम झालं.

चिंचपेटी:
किती लिहिलंत सगळ्यांनी, सावकाश परत वाचणार आहे. सांजवात, तुमच्या आईंची ती दुहेरी रेघ मला माझ्या घरातली वाटली. काका, माफी स्वीकारली.

कार्यक्रम काल झाला. आमचा पेंद्या हंडीखाली बसून मन लावून दही-पोहे खात होता, त्याला दोन ओळी होत्या त्याही विसरला, कारण तोंडात पोहे. कृष्ण मात्र घामाने ओघळला, गळ्यापासून पोटापर्यंत पांढरे पट्टे पडले आणि राधेच्या फ्रॉकला निळे हात लागले म्हणून राधा रडली. आज शाळेतून आल्यावर लेक म्हणाला, आई, त्याच्या कानामागे अजून निळंच आहे, त्याची आई साबणाने घासते तर तो ओरडतो. मग जरा वेळाने, दप्तर फेकून, मोठ्या समाधानाने, ‘बरं झालं मला नाही लावला.’